ती म्हणतेय, फार सुंदर आहे

"त्या काय म्हणतायत?" असं त्या बाईने मला विचारलं आणि मी खोटं बोलले. खोटं तसं किरकोळच. आईवडलांना परदेशात हिंडवणारी माणसं दिवसातून चारदा असं बोलत असतील. दुकानात आई म्हणते, "एवढ्याला? लुटायला बसलेत का?" आणि आपण काउंटरवरच्या मुलीला हसून सांगतो, नंतर येते म्हणाली. त्याची सवयच होऊन जाते. पण उत्तर जर्मनीतल्या हाइटाबूच्या त्या धुराने भरलेल्या घरात मारलेली थाप मला दोन तासही पचली नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरती पचलेली नाही.

आम्ही हॅम्बुर्गहून सकाळच्या गाडीने श्लेसविगला गेलो होतो. पुढे बस. आई एकाहत्तर वर्षांची, अंगावर सहावारी, तिच्यावर माझ्या नवऱ्याचं निळं जाकीट आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. बसमधून उतरल्यावर बराच वेळ गवतातून चालावं लागतं. एका अंगाला खाडीचं आत शिरलेलं संथ पाणी, दुसऱ्या अंगाला झाडी माजलेला मातीचा उंच बांध, अर्धगोल वळत गेलेला. 'तटबंदी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काळा दगड, बुरूज, चर्या असं काहीतरी उभं राहतं. आईने या बांधाकडे पाहून विचारलं, "धरण आहे का?" मी म्हटलं, नाही, आत शहर होतं. तिने वळून आत पाहिलं. आत २५ हेक्टरांच्या आसपास नुसतं गवत होतं. "कुठंय?" ती म्हणाली.

तेच तर. व्हायकिंगांच्या काळात उत्तर युरोपातली एक मोठी पेठ इथे होती. डेन्मार्कचे लोक तिला हेडेबी म्हणतात. ८०८ साली गॉडफ्रेड नावाच्या डेनिश राजाने स्लाव्ह मुलखातलं रेरिक हे बंदर मोडलं आणि तिथले व्यापारी उचलून इथे आणून बसवले. आपल्याकडचे राजेही पेठा वसवत, पण सावकारांना जागा देऊन, माफी देऊन बोलवत. याचा खाक्या जरा वेगळा. १०५० मध्ये नॉर्वेच्या हाराल्ड हार्डराडाने गाव जाळलं, १०६६ मध्ये स्लाव्हांनी उरलंसुरलं लुटलं, आणि माणसं पाण्यापलीकडे श्लेसविगला निघून गेली. नंतर इथे कुणी घर बांधलं नाही. म्हणूनच ओल्या मातीत लाकूडसुद्धा टिकून राहिलं. सव्वाशे वर्षांपूर्वी खणायला सुरुवात झाली, तरी अजून पाच टक्क्यांच्या आसपासच जागा उकरून झालीय. बाकीचं गाव गवताखाली निजलेलं आहे. पाण्याकाठी मात्र २००५ ते २००८ या काळात सात घरं पुन्हा उभी केली, खणताना सापडलेल्या घरांच्या मापांनी. आज जी गर्दी येते ती त्या सात घरांसाठी.

लांबून ती घरं दिसल्यावर आई एकदम भराभर चालायला लागली. जवळ जाऊन तिने भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "अगं, हा तर कूड आहे." होताच. उभ्या काठ्या, त्यांत आडव्या फोकांची वीण, वरून मातीचा गिलावा. छप्पर बोरूसारख्या गवताने शाकारलेलं, इतकं जाड की त्याच्या कडेला माझा कोपरापर्यंतचा हात मावला असता. आईच्या माहेरी, माण तालुक्यात, गोठ्याला असाच कूड होता. तिने तिथल्या तिथे एक तडा शोधून काढला. "पावसाच्या आधी लिंपायला पायजे." मी हो म्हटलं. तोवर सगळं छान चाललं होतं.

आत शिरताना वाकावं लागलं. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेल्यावर काहीच दिसेना, फक्त वास आला. जळक्या लाकडाचा, लोकरीचा, जुन्या चरबीचा. मग मधोमध जमिनीवर पेटलेली आगटी दिसली, तिच्या बाजूंनी भिंतीलगत मातीचे ओटे, त्यांवर मेंढीची कातडी. धूर छपरापर्यंत चढत होता आणि तिथे वाट न मिळाल्यासारखा पसरून पुन्हा खाली उतरत होता. मी छाती भरून तो वास घेतला. मला तो फारच आवडला, आणि आवडला याचं मला जरा कौतुकही वाटलं. आईने पदर नाकाला लावला. माझ्या पणजीला आयुष्यभर खोकला होता आणि तो चुलीचा होता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ साली डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी अशाच पुन्हा बांधलेल्या घरांमधली हिवाळ्यातली हवा मोजून लेख प्रसिद्ध केला. त्यात धुराचं प्रमाण आजच्या चुलीवाल्या स्वयंपाकघरांच्या तोडीचं निघालं होतं. तो लेख मी वाचलेला होता. तरी मी छाती भरून घेतली. परत जायला फ्लॅट असला की धूर सुगंधी लागतो.

दारातून येणाऱ्या उजेडात एक बाई जातं ओढत बसली होती. पस्तिशीची असेल. करड्या लोकरीचा झगा, खांद्यांवर कासवाच्या पाठीसारख्या दोन पितळी पिना, केसांना फडकं. जातं आपल्यासारखंच, दोन चपट्या गोल तळ्या, वरच्या तळीला कडेशी भोक आणि त्यात खुंटा. दगड काळा. आई थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाई जर्मनमध्ये समजावून सांगत होती की हे सातू आहेत, एका भाकरीपुरतं पीठ व्हायला फार वेळ लागतो, आणि बोलता बोलता एक मोठी मूठ भरून तिने जात्याच्या तोंडात ओतली. खुंटा दोन्ही हातांनी गच्च धरून ओढला. जातं घरघरलं, अडलं, पुन्हा घरघरलं. कडेने जे पडलं ते पीठ नव्हतं. अर्धे दाणे अख्खे होते.

"लई घालतीय," आई म्हणाली. "एवढी वैरण एकदम घातल्यावर दगूड वर उचलतोय. दळंल कसं? आन् दगडाला टाकी कवा लावलीय काय म्हाईत. हिला कुणी शिकिवलंय?" असं म्हणत ती खाली वाकली आणि तिने खुंट्याकडे हात नेला.

"आई, हात नको लावूस!"

मी हे मोठ्याने म्हणाले. शाळेच्या सहलीतल्या मास्तरणीसारखी. तिथे हात लावू नका अशी पाटीही नव्हती. उलट त्या घरांमध्ये पोरं सगळ्या वस्तू हाताळत होती. आईने हात मागे घेतला आणि जाकिटाला पुसला. पुसण्यासारखं हाताला काही लागलेलंच नव्हतं. बाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, त्या काय म्हणतायत? मी म्हणाले, ती म्हणतेय, फार सुंदर आहे. बाईचा चेहरा खुलला. छातीवर हात ठेवून तिने आईला मान लववली. आम्ही बाहेर आलो. दहा पावलं गेल्यावर आईने विचारलं, "शोन म्हंजे चांगलं ना गं?" तीन महिन्यांत तिला पाचसहा जर्मन शब्द आले होते आणि त्यातला हा एक होता. मी हो म्हटलं.

"मग मी कुठं चांगलं म्हणले?"

त्यावर मी काहीतरी बोटींविषयी बोलले.

आई जात्यावर बसली ती वयाच्या सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत. समोर आजी. पहाटे चारला उठून दोघींनी एकच खुंटा धरायचा, बाजरी दळायची. जात्यावर बसलं की ओवी सुचते वगैरे मी शाळेत पाठ केलं होतं आणि एकदा तिला विचारलंही होतं, तुला कुठल्या ओव्या येतात? ती म्हणाली, "झोप यायची. ओव्या आजीला यायच्या." बारा वर्षांची असताना शेजारच्या गावात गिरणी आली. डोक्यावर पाटी घेऊन दोन मैल जायचं, रांग लावायची, आणि गरम पीठ घेऊन परत. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत आनंदाच्या दिवसांमध्ये ती त्या दिवसाचं नाव घेते, माझ्या जन्माच्याही आधी. त्या गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज ती अजून तोंडाने काढून दाखवते. तेव्हा माझ्या मनातली गोष्ट, की आई ते जातं पाहून हळवी होईल, डोळ्यांत पाणी येईल आणि मी फोटो काढीन, ही माझीच होती. तिला जातं पाहून जात्यातला दोष दिसला. एखाद्या सुताराला दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यावर खुर्चीचा सांधा दिसावा तसा.

तिथल्या संग्रहालयाच्या इमारतीत बंदरातून वर काढलेलं लांब जहाज आहे. १९७९ साली पाण्याखालून काढलं, त्याची जी काय लाकडं मिळाली ती सांगाड्यावर बसवून ठेवलीत. कंगवे आहेत, सांबरशिंगाचे, एकेक दात करवतीने कापलेला. बंदराच्या गाळात लोखंडी बेड्याही सापडल्या आहेत. आमच्या हॅम्बुर्गचा नवव्या शतकातला आर्चबिशप रिम्बर्ट इथे आला तेव्हा त्याने साखळ्यांनी बांधलेली माणसं पाहिली आणि त्यातल्या एका जोगिणीला सोडवण्यासाठी अंगाखालचा घोडा देऊन टाकला, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. खाली पाण्याकाठच्या सात घरांत मला विणकरीण भेटली, कंगवेवाला भेटला, पण त्या दिवशी गुलाम म्हणून कुणी बसलेलं दिसलं नाही. साहजिक आहे. शनिवार-रविवारी हौसेने जुने कपडे घालायचे तर बेड्या कोण घालेल? पण मग जातं ओढायला खरं कोण बसत असेल, हा प्रश्न मला तिथे पडला, आणि ती पितळी पिनांची बाई त्या जागी जरा जास्तच नटलेली वाटायला लागली.

आईला बाकावर बसवून मी काचांसमोरून हिंडत होते, आणि मला राहून राहून अत्-तार्तुशी आठवत होता. हा इब्राहीम इब्न याकूब, स्पेनमधल्या तोर्तोसाचा. ९६५ च्या सुमारास कॉर्डोबाहून हिंडत हिंडत इथवर आला. कॉर्डोबा म्हणजे तेव्हाच्या जगातली थोर नगरी, ग्रंथालयं, हमामखाने. तिथला माणूस या लाकूड-मातीच्या गावात आला आणि त्याने जे पाहिलं ते काही न लपवता सांगितलं: महासागराच्या पार टोकाला एक मोठं गाव आहे, आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, लोक गरीब, बहुतेक मासेच खातात. पोसायला नको म्हणून तान्ही पोरं समुद्रात टाकतात. इथल्या बाईला वाटलं तर ती नवऱ्याशी काडीमोड घेते. बाया आणि बुवे दोघंही डोळ्यांना कसलं तरी काजळ घालतात. आणि यांच्या गाण्याइतकं भयाण गाणं मी ऐकलेलं नाही. घशातून निघणारी गुरगुर, कुत्र्यांच्या भुंकण्यासारखी, पण त्याहूनही रानटी. त्याचं मूळ लिखाण हरवलं, नंतरच्या लेखकांनी त्यातले जे तुकडे उतरवून घेतले तेवढे आपल्याकडे आहेत. आणि आज या गावाविषयी बोलायचं तर कुणालाही त्याच्याकडे जावंच लागतं, कारण त्या गवतावर गाव असताना तिथे उभं राहून पाहिलेल्या माणसाचे इतके शब्द दुसरीकडे मिळत नाहीत. गावकऱ्यांनी त्याला विचारलं असेल, काय म्हणतोस, कसं वाटलं आमचं गाव? त्याच्याबरोबर माझ्यासारखा कुणी दुभाष्या असता तर त्याने सांगितलं असतं, पाहुणे म्हणतायत, फार सुंदर आहे.

इथे मला खरी टोचणी लागली. कारण अशा ठिकाणांचा सगळा उद्योगच हातांच्या शोधाचा आहे. जातं सापडतं, चाती सापडते, मागाला टांगायची मातीची वजनं सापडतात. ती हातात कशी धरायची, किती ओढायची, कुठे सैल सोडायचं, हे मातीत सापडत नाही. मग शिकलीसवरलेली माणसं वर्षानुवर्षं बसून पुन्हा पुन्हा करून बघतात, चुकतात, टिपून ठेवतात. आणि त्यांच्यासमोर पाच वर्षं पहाटे जातं ओढलेली बाई आपण होऊन येऊन उभी राहिली, चूक काय आहे ते दोन वाक्यांत बोलली, आणि ते पुढे पोचवायचं काम ज्या एकाच व्यक्तीला करता येणार होतं तिने ते गिळून टाकलं. का? तर आईचं बोलणं उर्मट वाटेल म्हणून. आणि थोडं याहूनही वाईट. तिला जातं येतं, हे मला त्या क्षणी तिथे उघड व्हायला नको होतं. नटून जातं ओढणारी बाई आणि खरंच जातं ओढलेली बाई यांच्यामध्ये माझी उठबस नटून ओढणारीशी आहे.

दुपारी आम्ही तटावर चढून बसलो. वर बीचची झाडं, खाली पाणी, पलीकडे श्लेसविगच्या चर्चचं टोक. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. शांतता फार वाटली म्हणून मी आईला ग्रोत्तीची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहून ठेवलेलं एक जुनं गाणं आहे, जात्याचंच. डेन्मार्कच्या फ्रोदी राजाकडे ग्रोत्ती नावाचं प्रचंड जातं असतं, जे मागाल ते दळून देणारं. ते ओढायला तो दोन राक्षसकुळातल्या दासी विकत घेतो, फेन्या आणि मेन्या. त्या सोनं दळतात, शांती दळतात, सुख दळतात. त्या थकून विसावा मागतात तेव्हा राजा म्हणतो, कोकीळ जेवढा वेळ गप्प बसेल, किंवा एक गाणं म्हणायला जेवढा वेळ लागेल, तेवढीच झोप घ्या. मग त्या दोघी दळता दळता गातात आणि गाण्यातून राजावर चालून येणारं सैन्यच दळून काढतात.

आई धपाट्याचा घास हातात धरून ऐकत होती. मला वाटलं म्हणेल, छान आहे. ती म्हणाली, "आमच्या आजीला तेवढापण विसावा नव्हता. तिची सासू कोकिळंपेक्षा लवकर उठायची." मग थोड्या वेळाने, पाण्याकडे बघत, "ती पोरगी बिचारी सांजच्यापर्यंत तसंच ओढत बसंल. खांदा धरंल तिचा."

तिला राग आलेला नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. तिला त्या पोरीचा खांदा दिसत होता. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी ओव्यांत बाई दगडालाच माय म्हणते, भाऊ म्हणते, सासुरवासाचं गाऱ्हाणं त्याच्याजवळ करते. ते वाचून मी किती वेळा गहिवरलेय. पण दुसऱ्या बाईचा खांदा दुखेल एवढी साधी गोष्ट मला त्या घरात सुचली नव्हती.

उतरून पुन्हा त्या घराशी गेलो. बाई अजून तिथेच होती, समोर दोन शाळकरी मुलं. ती मुलं निघून जाईपर्यंत थांबलो. मग मी तिला सांगितलं की मघाशी मी नीट सांगितलं नाही, माझी आई लहानपणी रोज असं दळायची आणि ती म्हणत होती की तुम्ही चुकीचं दळताय. सांगताना कान तापले. बाईने खुंटा सोडला आणि उठूनच उभी राहिली. तिने आईसाठी जागा केली. आईने मान हलवली. "नको. आता हात धुतले मी." हे माझ्यासाठी होतं आणि ते माझ्यापर्यंत पोचलं. ती दाराच्या चौकटीला टेकून, पदर नाकाशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तिला बसू दे. मी सांगते. तू सांग."

आधी दगडाचं निघालं. टाकीचं बोलणं मी सांगितल्यावर बाई हसली, खाली वाकून तिने तळीची कड दाखवली. हा दगड जर्मनीतल्याच आइफल डोंगरातला, मायेनच्या खाणीतला. हजार वर्षांपूर्वीही तिथूनच र्‍हाईन नदीने आणि समुद्राने इथवर यायचा. ज्वालामुखीचा आहे, त्यात बारीक भोकं आहेत, झिजेल तशी नवी धार उघडत जाते, म्हणून टाकी फारशी लागत नाही. मी हे आईला सांगितलं. तिने वाकून भोकं पाहिली, नखाने एक टोकरलं. "असंल," ती म्हणाली. "आमच्याकडं लागते." तेवढ्यावर तो विषय मिटला.

मग वैरण. हा शब्द मी जर्मनमध्ये कसा आणायचा? आपल्याकडे गुरांना घालतो ती वैरण, आधणात तांदूळ सोडतो ते वैरणं, आणि जात्याच्या तोंडात जी लहानशी मूठ टाकतो तीही वैरणच. मी शेवटी 'फुटर' म्हणाले, जनावराचा चारा. बाईने भुवया उंचावल्या, जात्याकडे पाहिलं आणि ते जनावर असल्यासारखी त्याच्या पाठीवर थाप मारली. आईला ते बरोबर वाटलं. "हां. बकऱ्याला घालतो तसं. थोडं थोडं. डाव्या हातानं घाल, उजवा थांबवायचा नाही. खुंटा एवढा आवळू नको म्हणावं, तो काय पळून जातोय का." मी एकेक वाक्य तसंच्या तसं सांगत गेले, पळून जाण्यासकट. बाई पहिल्यांदा चुकली, उजवा थांबला. दुसऱ्यांदा डावा विसरली. आई दारातून हवेतच हात फिरवून दाखवत होती, कोपर अंगाशी, मनगट सैल, आणि तिच्या हातात काही नसूनही मला त्या फिरण्यात दगडाचं वजन दिसत होतं.

पाचव्या-सहाव्या फेऱ्याला अडखळणं थांबलं. घरघर जाऊन एकसारखी, खालच्या पट्टीतली घूं घूं सुरू झाली. कडेने करडं पीठ झरायला लागलं, बारीक नव्हे, पण पीठ.

"आता ऐक," आई म्हणाली. ते तिने मला सांगितलं की त्या बाईला, मला कळलं नाही. पण तेवढं एक वाक्य भाषांतर न करताच बाईला समजलं असावं, कारण ती मान खाली घालून ऐकत होती आणि ओढत होती.